लोणारच्या तळ्यावरचा प्रोजेक्ट डॉक्टरकीच्या अर्जात लिहायचा का?

बुलढाणा जिल्ह्यातल्या एखाद्या बारावीच्या मुलीने लोणारच्या खाऱ्या पाण्यावर प्रोजेक्ट केलाय. दुसऱ्या कुणी कपाशीच्या शेतात बोंडअळीचे पतंग मोजलेत. तिसऱ्याने बी.एस्सी. करताना खारपाणपट्ट्यातल्या विहिरींच्या पाण्याची तपासणी केलीय. या तिघांनाही डॉक्टर व्हायचंय. मग प्रवेशासाठी या कामाचा काही उपयोग आहे का? आणि जिथे अर्जासोबत निबंध लिहावा लागतो, तिथे रुग्ण किंवा दवाखान्याशी संबंध नसलेल्या या संशोधनाबद्दल लिहायचं की गप्प बसायचं?

प्रश्न छोटा वाटतो. पण त्यावर पालकांचे पैसे आणि मुलांची वर्षं पणाला लागतात. 'प्रोफाइल बनवून देतो', 'रिसर्च पेपरवर नाव लावून देतो' अशा जाहिराती इन्स्टाग्रामवर रोज फिरतात. त्यामुळे नियम काय सांगतात आणि चांगला अर्ज कसा असतो, हे नीट समजून घेऊया.

भारतात एमबीबीएससाठी निबंध लागतो का?

नाही. हे सगळ्यात आधी स्पष्ट असलेलं बरं.

भारतात एमबीबीएसचा प्रवेश नीट-यूजी या एकाच परीक्षेवर ठरतो. २०२५ पासून पेपरमध्ये १८० प्रश्न, ७२० गुण आणि १८० मिनिटं असा हिशोब आहे. त्यातले ९० प्रश्न जीवशास्त्राचे, तर भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राचे प्रत्येकी ४५. बरोबर उत्तराला ४ गुण मिळतात, चुकलं तर १ गुण जातो. विज्ञान प्रदर्शनातलं बक्षीस, इन्स्पायर-मानक पुरस्कार, राष्ट्रीय बाल विज्ञान काँग्रेसमधला प्रकल्प यांपैकी कशालाही इथे एकही गुण मिळत नाही.

हाच नियम बुलढाण्यालाही लागू आहे. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी महाराष्ट्रातल्या १० नव्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांचं ऑनलाइन उद्घाटन झालं. त्यात बुलढाण्याचं महाविद्यालयही होतं. तोवर सरकारी कॉलेजसाठी जिल्ह्यातल्या मुलांना अकोला, छत्रपती संभाजीनगर किंवा नागपूर गाठावं लागायचं. आता कॉलेज जिल्ह्यात आलं, पण दारावरची अट तीच आहे: नीटचे गुण, प्रवर्ग आणि कोटा. 'तू कोण आहेस, काय केलंस' हे कुणी विचारत नाही.

महाराष्ट्रात याला एक ठळक अपवाद आहे, तो म्हणजे पुण्याचं सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय, अर्थात एएफएमसी. तिथेही आधी नीट लागतेच. पण नीटमधून निवडलेल्या मुलांना पुढे बोलावलं जातं आणि त्यांची इंग्रजी व तर्कशक्तीची चाचणी, मानसशास्त्रीय चाचणी आणि मुलाखत होते. निबंध नसला तरी समोर बसलेला अधिकारी 'अभ्यासाशिवाय काय केलं?' असं विचारू शकतो. तेव्हा बोंडअळीचा प्रोजेक्ट अचानक कामाचा ठरतो.

मग निबंध लागतो कुठे?

मुख्यतः तीन ठिकाणी.

पहिलं, ब्रिटन. तिथे बारावीनंतर थेट मेडिकलला अर्ज करता येतो आणि तो यूकास या केंद्रीय यंत्रणेतून जातो. पूर्वी त्यात एकच सलग निबंध असायचा. २०२६ च्या प्रवेशापासून त्याचे तीन प्रश्न झालेत: हाच विषय का शिकायचाय, आतापर्यंतच्या शिक्षणाने तुमची तयारी कशी झाली आणि शिक्षणाबाहेर काय केलं व ते का उपयोगी आहे. तिन्ही मिळून मर्यादा ४,००० अक्षरांची, तीही मधल्या मोकळ्या जागा धरून. म्हणजे कॉलेजमधून केलेला लोणारचा प्रोजेक्ट दुसऱ्या प्रश्नात बसतो, तर स्वतःच्या हौसेने शेतात केलेलं काम तिसऱ्यात.

दुसरं, अमेरिका. तिथे मेडिकल स्कूल पदवीनंतर सुरू होतं. बहुतेक कॉलेजांचा अर्ज एएमकॅस नावाच्या यंत्रणेतून जातो. त्यात ५,३०० अक्षरांचा एक निबंध असतो. शिवाय जास्तीत जास्त १५ कामांची यादी द्यायची असते आणि प्रत्येक कामासाठी ७०० अक्षरं मिळतात. त्यातली तीन कामं 'सर्वात महत्त्वाची' म्हणून निवडली, तर त्या प्रत्येकासाठी आणखी १,३२५ अक्षरं. डॉक्टरकी आणि पीएच.डी. एकत्र करणाऱ्यांना फक्त संशोधनावर १०,००० अक्षरांचा वेगळा निबंध लिहावा लागतो. अमेरिकेतली बरीच मेडिकल कॉलेजं परदेशी नागरिकांना घेतच नाहीत किंवा मोजक्याच जागा देतात. त्यामुळे हा रस्ता जास्त करून तिथेच वाढलेल्या मराठी मुलांचा आहे.

तिसरं ठिकाण भारतात एमबीबीएस करून अमेरिकेत पुढचं प्रशिक्षण, म्हणजे रेसिडेन्सी, करू पाहणाऱ्या डॉक्टरांचं. त्यांचा अर्ज ईरास या यंत्रणेतून जातो. त्यात निबंध असतो आणि जास्तीत जास्त १० अनुभव लिहिता येतात. २६ जानेवारी २०२२ पासून यूएसएमएलई परीक्षेच्या पहिल्या टप्प्याचे गुण देणं बंद झालं, आता फक्त पास की नापास एवढंच कळतं. साहजिकच अर्जातल्या बाकीच्या गोष्टींकडे, संशोधनाकडेही, उमेदवारांचं लक्ष वाढलं.

इथे एक सावधगिरी. परदेशात एमबीबीएससारखी पदवी घेऊन भारतात परत प्रॅक्टिस करायची असेल, तर नीट पात्र असणं गरजेचं आहे. 'निबंध चांगला लिहिला की नीटची कटकट नाही' असं कुणी सांगत असेल तर तो अर्धवट सांगतोय.

'संबंध नसलेलं' म्हणजे नक्की काय?

वैद्यकीय संशोधन म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर कॅन्सर, जनुकं, पांढरा कोट असं काहीतरी येतं. बुलढाण्यासारख्या जिल्ह्यात शिकणाऱ्या मुलाला असली लॅब मिळणार कुठून? त्याच्या आसपास आहे ते शेत, विहीर, तळं आणि गुरं. म्हणून त्याचं संशोधन 'संबंध नसलेलं' ठरतं.

पण ही विभागणी किती टिकते ते बघूया. लोणारचं सरोवर उल्कापातातून तयार झालेलं विवर आहे. पाणी खारं आणि तीव्र अल्कधर्मी. जून २०२० मध्ये ते अचानक गुलाबी झालं तेव्हा देशभर फोटो फिरले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले आणि मीठ आवडणाऱ्या हॅलोआर्किया या सूक्ष्मजीवांमुळे हा रंग आल्याचं सांगितलं. हा विषय सूक्ष्मजीवशास्त्राचा. डॉक्टरकीशी याचा काय संबंध?

असाच प्रश्न १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या यलोस्टोन उद्यानाच्या गरम झऱ्यांबद्दल विचारता आला असता. थॉमस ब्रॉक तिथले जिवाणू गोळा करत होते, कारण उकळत्या पाण्याच्या जवळपास जगतं कोण याचं त्यांना कुतूहल होतं. त्यातल्या थर्मस अ‍ॅक्वाटिकस या जिवाणूपासून उष्णता सहन करणारं एक विकर मिळालं आणि पुढे ते पीसीआर तंत्राचा कणा बनलं. करोनाकाळात नाकात काडी घालून झालेली आरटी-पीसीआर चाचणी याच तंत्रावर उभी होती. गरम झऱ्यापासून कोविड केंद्रापर्यंतचा हा प्रवास कुणी आधी ठरवलेला नव्हता.

शेगाव तालुक्यात काय घडलं?

यापेक्षा जवळचं उदाहरण बुलढाण्यातच आहे. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस आणि जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातल्या काही गावांत लोकांचे केस झपाट्याने गळू लागले. काहींना तर काही दिवसांत टक्कल पडलं. बोंडगाव, कालवड ही नावं देशभरच्या बातम्यांत आली. गावकऱ्यांची भीती साधी नव्हती. आजार संसर्गजन्य असेल का, पाणी प्यायचं की नाही, पाहुणे येतील का, इथपर्यंत प्रश्न गेले.

आधी संशय पाण्यावर होता. हा खारपाणपट्टा. पूर्णा नदीच्या खोऱ्यातलं भूजल खारं असल्याने इथे पाण्याबद्दलच्या तक्रारी जुन्या आहेत. बुरशीचीही शक्यता तपासली गेली. आयसीएमआरचं पथक आलं. रक्त, लघवी आणि केस यांच्यासोबत माती, पाणी आणि अन्नाचे नमुनेही घेतले गेले.

दरम्यान महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी स्वतंत्रपणे तपासणी केली. रेशनवर आलेल्या गव्हात सेलेनियमचं प्रमाण फार जास्त होतं आणि केसगळतीचं कारण तेच असावं, असा निष्कर्ष त्यांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये जाहीरपणे मांडला. तो गहू पंजाब-हरियाणाकडून आल्याचं त्यांचं म्हणणं होतं.

आता गंमत अशी, की पंजाबातल्या होशियारपूर आणि नवांशहर भागातल्या काही जमिनींत सेलेनियम जास्त आहे, हे लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठातल्या मृदाशास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकातच लिहून ठेवलं होतं. ते माती आणि पिकांचा अभ्यास करत होते. शेगावच्या एखाद्या बाईचे केस का गळतात हा त्यांचा विषय नव्हता. तरी तीसेक वर्षांनी डॉक्टरांना गव्हाकडे बघावं लागलं, तेव्हा मातीवरच्या त्या जुन्या कामाला अर्थ आला.

बावस्करांची स्वतःची कहाणीही बोलकी आहे. ते बुलढाण्याला लागून असलेल्या भोकरदन तालुक्यातल्या देहेड गावचे. रायगड जिल्ह्यात बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करताना विंचूदंशाने दगावणारे रुग्ण त्यांनी पाहिले आणि प्रत्येकाच्या लक्षणांची बारीक नोंद ठेवली. रक्तदाबावरचं प्राझोसिन हे औषध विंचूदंशावर वापरून त्यांनी मृत्यूंचं प्रमाण खाली आणलं. १९८६ मध्ये हे काम 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मोठी लॅब नव्हती, नोंदवही होती.

थोडक्यात, संशोधनाचा विषय दवाखान्यापासून किती लांब आहे, हा मुद्दा दुय्यम आहे. प्रश्न कसा पडला, तपासला कसा आणि चूक कशी पकडली, यालाच खरी किंमत आहे. चांगल्या निबंधात हेच दिसायला हवं.

निबंधात लिहायचं कसं?

निबंधाचा मूळ प्रश्न असतो: तुम्हाला डॉक्टर का व्हायचंय? लोणारचं पाणी हे या प्रश्नाचं उत्तर नाही, आणि तसं ते भासवूही नये. आजीचं आजारपण, गावातलं आरोग्य केंद्र, आशाताईंसोबत केलेलं काम, जे खरं असेल ते उत्तर वेगळं द्यायचं. 'हा उमेदवार विचार कसा करतो' याचा पुरावा म्हणून संशोधन वापरायचं.

एक काल्पनिक उदाहरण घेऊया. मोताळा तालुक्यातल्या एका विद्यार्थ्याने कपाशीत कामगंध सापळे लावून गुलाबी बोंडअळीचे पतंग मोजले आणि तो निबंधात असं लिहितो:

"कपाशीला जशी बोंडअळी पोखरते, तसाच रोग माणसाला पोखरतो. शेतात काम करतानाच मला रुग्णसेवेची हाक ऐकू आली. त्या क्षणी मी डॉक्टर होण्याचा निर्धार केला."

वाचणाऱ्याला इथे काय कळलं? काहीच नाही. अळीवरून रुग्णावर मारलेली उडी ओढूनताणून आहे. असे निबंध निवड समितीपुढे ढिगाने येतात.

आता तोच विद्यार्थी असं लिहितो:

"पाच सापळ्यांतले पतंग मी रोज सकाळी मोजायचो. तिसऱ्या सापळ्यात सलग चार दिवस शून्य आलं. शेताचा तो कोपरा सुरक्षित आहे असं मी वहीत लिहिलं आणि काकांना तसंच सांगितलं. पाचव्या दिवशी सापळा उघडला तर आत ल्यूरच बसवलेला नव्हता. पतंग नव्हते असं नाही, माझा सापळाच त्यांना बोलावत नव्हता. तेव्हापासून शून्य दिसलं की मी आधी सापळा तपासतो. पुढे आरोग्य केंद्रात एका बाईंचा रिपोर्ट 'नॉर्मल' असूनही डॉक्टरांनी तपासणी पुन्हा करायला सांगितली, तेव्हा ते असं का करतायत हे मला लगेच समजलं."

दुसऱ्या मजकुरात 'सेवा', 'हाक', 'निर्धार' असे शब्द नाहीत. तरी हा मुलगा उद्या रिपोर्टवर डोळे झाकून विश्वास ठेवणार नाही, हे वाचणाऱ्याला पटतं. शेतापासून दवाखान्यापर्यंतचा पूल एकाच वाक्याचा आहे, आणि तो खरा आहे.

हे साधायला स्वतःला चार प्रश्न विचारले तरी पुरतात:

१. प्रश्न काय होता? तो एका साध्या वाक्यात सांगता आला पाहिजे. 'लोणारच्या पाण्याचा खारटपणा पावसाळ्याआधी आणि नंतर किती बदलतो?' हे पुरेसं आहे.

२. त्यात मी काय केलं? 'आम्ही' आणि 'मी' यातला फरक स्पष्ट ठेवा. मार्गदर्शक सरांनी पद्धत ठरवली आणि तुम्ही बाटल्या भरल्या असतील, तर तसंच लिहा. बाटल्या नीट भरणं हेसुद्धा काम आहे.

३. काय फसलं? नमुने उन्हात राहिले, मीटर बिघडला, निकाल उलटा आला, यातलं काहीतरी घडलेलं असतंच. निबंधाचा सर्वात जिवंत भाग बहुतेक वेळा इथेच सापडतो.

४. त्यानंतर माझ्यात काय बदललं? 'चिकाटी शिकलो' हे उत्तर नाही. त्या अनुभवानंतर तुम्ही कोणती गोष्ट वेगळ्या पद्धतीने करू लागलात, ते सांगा.

जागेचं गणितही लक्षात ठेवा. संशोधनाचा तपशील, म्हणजे किती महिने, किती तास, कुणाच्या मार्गदर्शनाखाली, हे सगळं कामांच्या यादीत जातं. मुख्य निबंधात त्यातला एकच प्रसंग घ्यायचा. ५,३०० अक्षरांपैकी अर्धी जागा सरोवराच्या रसायनशास्त्राने खाल्ली, तर उमेदवार दिसणार कुठे?

काय लिहू नये?

अवघड शब्दांची रांग लावू नये. निबंध वाचणारा डॉक्टर असेल, पण तो मृदाशास्त्रज्ञ किंवा कीटकशास्त्रज्ञ नसतो.

प्रकाशित न झालेला पेपर प्रकाशित म्हणून लिहू नये. पैसे देऊन तर अजिबात नाव लावून घेऊ नये. पेपरवर नाव लावून देणाऱ्या जाहिरातींचा धोका इथेच आहे. अर्जात लिहिलेल्या प्रत्येक ओळीवर मुलाखतीत प्रश्न येऊ शकतो. 'तुमच्या पेपरमध्ये ही चाचणी का वापरली?' या एका प्रश्नाला उत्तर देता आलं नाही, तर बाकीचा खरा अर्जही संशयाच्या घेऱ्यात येतो. चॅटबॉटकडून निबंध लिहून घेतला तरी हीच अडचण होते. वाक्यं गुळगुळीत येतात, पण चौथ्या दिवशी सापळ्यात काय होतं हे त्याला माहीत नसतं.

आणि विषय वेगळा आहे म्हणून काम लपवूही नये. दोन वर्षं कृषी विद्यापीठाच्या प्रकल्पात घालवली आणि अर्जात त्याचा उल्लेखच नसेल, तर त्या दोन वर्षांत काय केलं हा प्रश्न उरतो.

लोणारबद्दल एक खास सूचना. ते वन्यजीव अभयारण्य आहे आणि नोव्हेंबर २०२० पासून रामसर स्थळही आहे. नमुने घ्यायला परवानगी लागते. ती कुणाकडून आणि कशी मिळवली, हे लिहिलं तर उमेदवार नियम पाळून काम करतो हेही आपोआप कळतं. परवानगी नसेल तर असं काम अर्जात मिरवणं अंगलट येऊ शकतं.

निबंध न्याय्य की परीक्षा?

ही चर्चा भारतात होऊन गेली आहे, आणि तीही विदर्भाच्या अंगणात. वर्ध्याजवळच्या सेवाग्रामला १९६९ मध्ये डॉ. सुशीला नायर यांच्या पुढाकाराने महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू झाली. या कॉलेजची स्वतःची प्रवेश परीक्षा असायची. त्यात विज्ञानाच्या पेपरांसोबत गांधी विचारांचा एक पेपर होता. खेड्यात राहून काम करू पाहणारी मुलं यावीत, असा त्यामागचा विचार. देशभर नीट सक्तीची झाल्यावर ती परीक्षा गेली.

वेल्लोरचं ख्रिश्चन मेडिकल कॉलेज तर यासाठी न्यायालयात गेलं. त्यांच्या निवडीत परीक्षेसोबत मुलाखत आणि कल पाहणाऱ्या चाचण्या होत्या. नीटची सक्ती झाल्यावर २०१७ मध्ये या कॉलेजने एमबीबीएसच्या १०० पैकी फक्त एक जागा भरली. अखेर २९ एप्रिल २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की अल्पसंख्याक आणि खासगी संस्थांनाही नीट लागू राहील. प्रवेशातले गैरप्रकार थांबावेत आणि गुणवत्तेला न्याय मिळावा, हा त्यामागचा मुख्य युक्तिवाद होता.

दोन्ही बाजूंत तथ्य आहे. कॉलेजांनी स्वतः निवड करायची पद्धत असताना 'मुलाखत' या नावाखाली काय चालायचं, हे महाराष्ट्रातल्या पालकांना वेगळं सांगायला नको. देणगीची पाकिटं अनेकांनी पाहिली आहेत. सिंदखेडराजाच्या शेतमजुराच्या मुलीला ओळखपाळख नसते, इंग्रजी निबंध तपासून देणारं कुणी नसतं. तिच्यासाठी 'सगळ्यांना एकच पेपर' ही मोठी ढाल आहे.

पण त्या ढालीलाही भोकं आहेत. नीटची तयारी म्हणजे लातूर, नांदेड, कोटा, आणि तिथला क्लास व हॉस्टेलचा खर्च. मे २०२४ च्या नीटमध्ये पेपरफुटीचे आरोप झाले आणि सुरुवातीला तब्बल ६७ जणांना ७२० पैकी ७२० गुण जाहीर झाले, तेव्हा 'एकच पेपर' या कल्पनेवरचा विश्वासही हलला. निबंधाच्या पद्धतीत लॅब आणि ओळखी असलेल्या घरातलं मूल पुढे जातं, तर परीक्षेच्या पद्धतीत क्लास परवडणारं. पैशाचं माप दोन्हीकडे आहे, फक्त ते वेगवेगळ्या खिडकीतून आत येतं.

सेवाग्रामने यावर एक मधला मार्ग धरला आहे. गांधी विचारांचा पेपर निवडीतून गेला, पण प्रवेश घेतलेली मुलं आजही सुरुवातीचे दिवस सेवाग्राम आश्रमातल्या शिबिरात राहतात आणि प्रत्येक बॅच एक गाव दत्तक घेते. दारावर विचारता येत नाही, ते आत शिकवायचं, असा हा मार्ग. बुलढाण्याच्या नव्या कॉलेजच्या आसपासही खारपाणपट्ट्याचं पाणी, किडनीच्या तक्रारी आणि शेगावची केसगळती असे प्रश्न आहेत. प्रवेशाच्या वेळी लोणारच्या प्रोजेक्टला गुण मिळाले नाहीत, तरी पहिल्या वर्षापासून असे प्रश्न विद्यार्थ्यांच्या हाती दिले तर त्या सवयीचा उपयोग जिल्ह्यालाच होईल.

मग आज काय करायचं?

बारावीत असाल आणि लक्ष्य महाराष्ट्रातलं एमबीबीएस असेल, तर नीटच्या अभ्यासाला प्राधान्य द्या. 'प्रोफाइल'साठी पैसे घालवू नका, या रस्त्यावर ती कुणी बघत नाही. आधी केलेला प्रोजेक्ट मात्र फेकू नका.

एएफएमसीचा विचार असेल, तर तो प्रोजेक्ट दोन मिनिटांत, साध्या भाषेत, न पाठ करता सांगायचा सराव करा. घरातल्या ज्या माणसाला विज्ञान येत नाही, त्यांना सांगून बघा. त्यांनी मधेच प्रश्न विचारला तर समजा की सांगणं जमतंय.

ब्रिटन किंवा अमेरिकेत अर्ज करणार असाल, तर वरचे चार प्रश्न कागदावर लिहून काढा आणि मगच निबंधाला हात घाला.

एमबीबीएसला प्रवेश मिळाला असेल, तर आयसीएमआरची शॉर्ट टर्म स्टुडंटशिप योजना बघा. १९७९ पासून सुरू असलेल्या या योजनेत वैद्यकीय पदवीच्या विद्यार्थ्यांना दोन महिन्यांचं संशोधन करता येतं आणि विद्यावेतनही मिळतं. त्यासाठी आधी प्रस्ताव लिहावा लागतो: प्रश्न काय, पद्धत काय, नमुने किती. कधीकाळी शेतात पतंग मोजलेल्या मुलाला हे कोरं वाटणार नाही.

आणि काम कुठलंही असो, तारखेसकट नोंदी ठेवा. कोणत्या दिवशी काय मोजलं, काय चुकलं, कुणी काय सांगितलं. दोन-तीन वर्षांनी निबंध लिहायला बसाल तेव्हा आठवण दगा देते आणि माणूस नकळत गोष्ट रंगवू लागतो. वहीत 'सापळा क्र. ३, पतंग ०, ल्यूर नव्हता' अशी ओळ असली, की निबंधही खरा राहतो आणि मुलाखतीत उत्तरही देता येतं.